मॅक्रो एका जागी, फायली पन्नास

वाचकांचे प्रश्न : एक्सेल आणि ऑफिस

मागच्या अंकात मॅक्रो, म्हणजे तेच ते काम एक्सेलकडून आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम, रेकॉर्ड कसा करायचा ते लिहिलं होतं. त्याच्यानंतर जी पत्रं आली त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, की एका फाइलमध्ये केलेला मॅक्रो दुसऱ्या फाइलमध्ये कसा चालवायचा. म्हणून ह्या वेळी सगळी जागा ह्याच विषयाला.

प्रश्न : नमस्कार ताई, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांचे पार्ट्स बनवतो, हिशेब मी बघते. दर गिऱ्हाइकाची वेगळी एक्सेल फाइल आहे आणि सगळ्यांत तोच बिलाचा मॅक्रो मी कॉपी करून टाकलाय. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा एकेक फाइल उघडून आत २८ चं १८ करत बसले, तरी काही राहिल्याच आणि बिलं चुकीची गेली. ह्याला काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं कारण हे काम तुमच्या वाट्याला यायलाच नको होतं. मॅक्रो प्रत्येक फाइलमध्ये कॉपी केला की त्या दिवसापासून तो एक मॅक्रो राहत नाही, जितक्या फायली तितके वेगवेगळे मॅक्रो होतात, आणि कुठल्या फाइलमध्ये कुठलं व्हर्जन आहे हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे कोड एका जागी आणि हिशेब दुसऱ्या जागी, ही वाटणी आधी करून टाका.

कोड ठेवायला एक्सेलमध्ये दोन चांगल्या जागा आहेत. पहिली म्हणजे पर्सनल मॅक्रो वर्कबुक. व्ह्यू टॅबमध्ये मॅक्रोज, रेकॉर्ड मॅक्रो, आणि जिथे 'स्टोअर मॅक्रो इन' विचारतं तिथे पर्सनल मॅक्रो वर्कबुक निवडा, काहीतरी दोन क्लिक करून रेकॉर्डिंग थांबवा, एक्सेल बंद करताना सेव्ह करू का विचारलं की हो म्हणा. झालं, पर्सनल डॉट एक्सएलएसबी नावाची फाइल तुमच्या एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये तयार झाली. ती दर वेळी एक्सेलबरोबर आपोआप उघडते पण लपलेली असते, आणि तिच्यातला मॅक्रो तुम्ही कुठलीही फाइल उघडलेली असली तरी चालतो. तुम्ही एकट्याच काम करत असाल तर एवढ्यावरसुद्धा भागेल.

पण तुमच्याकडे बिलं दुसरं कोणी काढत असेल, किंवा उद्या काढणार असेल, तर सरळ दुसरी जागा घ्या, ॲड-इन, म्हणजे कोड ठेवून एक्सेलला जोडायची वेगळी फाइल. नवी रिकामी वर्कबुक उघडा, ऑल्ट एफ११ दाबून व्हीबीए एडिटरमध्ये (जिथे मॅक्रोचा कोड दिसतो) जा, एका जुन्या फाइलमधलं मॉड्यूल, म्हणजे कोडचं पान, माउसने ओढून नव्या वर्कबुकवर टाका (डाव्या बाजूच्या यादीत ओढता येतं, त्याची कॉपी होते), मग सेव्ह ॲज करून प्रकारात एक्सेल ॲड-इन निवडा, फाइलचं एक्स्टेंशन एक्सएलएएम होईल. नंतर डेव्हलपर टॅबमध्ये एक्सेल ॲड-इन्सवर जाऊन तिच्या नावापुढे टिक करा. आता हा मॅक्रो त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींचा झाला.

दराचं मात्र वेगळं सांगते, कारण खरी चूक तिथे होते. दर कोडमध्ये लिहूच नका. ॲड-इनला स्वतःची शीट असते, ती दिसत नाही एवढंच. त्या शीटवर एक छोटा तक्ता करा, त्यात एचएसएन (मालाचा जीएसटीतला कोड नंबर), दर, आणि तो दर कुठल्या तारखेपासून लागू झाला ती तारीख. तारीख महत्त्वाची, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या पार्ट्सना १८ टक्के असला तरी त्याच्या आधीच्या बिलाची क्रेडिट नोट करायची झाली किंवा जुनं बिल परत प्रिंट करायचं झालं तर तिथे २८ च हवेत. मॅक्रोने बिलाची तारीख बघून तक्त्यातून दर उचलायचा. उद्या परत दर बदलला तर तुम्ही तक्त्यात एक ओळ वाढवणार, बस, कुठल्याच गिऱ्हाइकाच्या फाइलला हात लावायचा नाही. शीट दिसत नाही तर तक्ता भरायचा कसा, तर एडिटरच्या डाव्या यादीत त्या ॲड-इनच्या नावाखालचं धिसवर्कबुक निवडून एफ४ दाबा, प्रॉपर्टीत 'इज ॲड-इन' आहे ते फॉल्स करा, शीट दिसायला लागेल, काम झालं की परत ट्रू करा आणि तिथेच कंट्रोल एस दाबून सेव्ह करा. हे सेव्ह विसरू नका हं, कारण ॲड-इनमध्ये केलेला बदल एक्सेल बंद करताना तुम्हाला विचारत नाही, न विचारता बदल जातो.

शेवटचं काम जरा कंटाळवाणं आहे पण टाळू नका. जुन्या फायलींतली मॉड्यूल्स काढून टाका, नाहीतर शीटवरचं बटण अजूनही आतल्याच जुन्या मॅक्रोला बोलावत राहील. बटणावर राइट क्लिक, असाइन मॅक्रो, आणि तिथे नाव टाइप करा : ॲड-इन फाइलचं नाव, उद्गारचिन्ह, मॅक्रोचं नाव. यादीत ते दिसणार नाही, ॲड-इनमधले मॅक्रो यादीत दिसतच नाहीत, पण टाइप केलं की चालतं. शीट एका फाइलमधून दुसरीत कॉपी केली की बटण दाबल्यावर जुनी फाइल का उघडते असं बऱ्याच जणांनी विचारलंय, त्याचंही कारण हेच, बटण जुन्या फाइलच्या मॅक्रोचा पत्ता बरोबर घेऊन येतं. सगळं साफ झालं की गिऱ्हाइकांच्या फायली साध्या एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करा, मेल करायलाही त्या बऱ्या, समोरच्याला मॅक्रोचा इशारा येत नाही.

प्रश्न : ताई, मी सदाशिव पेठेत एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतोय. क्लायंटच्या टॅलीतून काढलेल्या शीट्स साफ करायचा मॅक्रो मी रेकॉर्ड केला, माझ्या फाइलमध्ये मस्त चालतो. ॲड-इनमध्ये टाकला तर एकतर एरर ९ येते, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज, नाहीतर काहीच होत नाही. काय चुकतंय?

उत्तर : कोड तुझा बरोबर असेल, पण तो एकाच फाइलसाठी लिहिलेला आहे. रेकॉर्डर काय करतो, तू जे केलंस ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे अमुक नावाची विंडो उघड, शीट वन निवड, ए१ ते एच२४० निवड. दुसऱ्या क्लायंटच्या फाइलमध्ये शीट वन नावाची शीटच नसते, म्हणून एरर ९. आणि जिथे 'काहीच होत नाही' तिथे बहुतेक तू धिसवर्कबुक लिहिलं असशील. धिसवर्कबुक म्हणजे ज्या फाइलमध्ये कोड आहे ती फाइल. तुझ्या जुन्या फाइलमध्ये कोड आणि डेटा एकत्र होते म्हणून चाललं, ॲड-इनमध्ये गेल्यावर तोच शब्द ॲड-इनच्या लपलेल्या शीटकडे बोट दाखवतो, मग साफसफाई तिकडे होत राहते आणि तुला समोर काही दिसत नाही. समोर उघडलेल्या फाइलसाठी ॲक्टिव्हवर्कबुक. माझी सवय सांगते, मॅक्रोच्या अगदी पहिल्या ओळीत समोरची वर्कबुक एका व्हेरिएबलमध्ये (कोडमध्ये आपण दिलेल्या नावात) पकडून ठेवायची आणि खाली सगळीकडे तोच व्हेरिएबल वापरायचा, म्हणजे मधेच कोणी दुसऱ्या विंडोवर क्लिक केलं तरी गोंधळ होत नाही. शेवटची ओळसुद्धा २४० अशी लिहायची नाही, कॉलमच्या तळापासून वर येऊन शोधायची.

आणि एक गोष्ट जी तू विचारली नाहीस पण तुला लागणार. मॅक्रो चालल्यावर अन्डू जातो, कंट्रोल झेड करून मागे येता येत नाही. एका फाइलपुरता मॅक्रो होता तोपर्यंत धोका त्या फाइलपुरता होता, आता तो कुठल्याही उघड्या फाइलवर चालणार, म्हणजे चुकून दुसऱ्या क्लायंटच्या बॅलन्स शीटवरही चालणार. म्हणून सुरुवातीला तपासणी घाल. पहिल्या ओळीत तारीख, पार्टिक्युलर्स, डेबिट, क्रेडिट ही हेडिंग्ज आहेत का बघ, नसतील तर तिथेच थांबव. मग कोणालाही दिलास तरी भीती नाही.

सीए फर्ममध्ये आहेस तर एक छान काम सुचवते. जीएसटी नंबर तपासायचं फंक्शन लिही. १५ अक्षरं, पहिले दोन राज्याचा कोड, आपला २७, मग १० अक्षरी पॅन, तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते, चौदावं साधारणपणे झेड, आणि पंधरावं आधीच्या चौदांवरून गणित करून येणारं तपासणीचं अक्षर, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टाइप झाला की फंक्शन लगेच सांगतं. असं फंक्शन ॲड-इनमध्ये असलं की कुठल्याही सेलमध्ये नुसतं त्याचं नाव लिहून वापरता येतं, पर्सनल वर्कबुकमध्ये असलं तर मात्र आधी पर्सनल डॉट एक्सएलएसबी आणि उद्गारचिन्ह लावावं लागतं. नाव ठेवताना मात्र जप. जीएसटी१८ असं नाव ठेवलंस तर चालणार नाही, कारण एक्सेल २००७ पासून कॉलम एक्सएफडीपर्यंत गेलेत आणि जीएसटी१८ हा चक्क एका सेलचा पत्ता आहे.

प्रश्न : लक्ष्मी रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर ऑफिसात पाच-सहा कॉम्प्युटर. भाच्याने ॲड-इन करून दिली आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. काही जणांकडे लाल पट्टी येऊन मॅक्रो बंद, काही जणांकडे चालते, आणि एकाची फाइल दुसऱ्याने उघडली की सेलमध्ये नेम एरर. काय करावं?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल पट्टी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणली, इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो तेव्हापासून आपणहून बंद असतात, कारण मॅक्रोतून व्हायरस पाठवायचे प्रकार फार होते. फाइल ब्राउझरमधून उतरवली की विंडोज तिच्यावर खूण ठेवतं. फाइल बंद करून तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकला टिक, ओके. पण हे फक्त भाच्याच्या फाइलसाठी करा, कोणीही पाठवलेल्या फाइलसाठी नको, आणि सेटिंगमध्ये जाऊन 'सगळे मॅक्रो चालू' तर कोणी कितीही सांगितलं तरी करू नका, दुकानाचे सगळे हिशेब त्याच मशीनवर आहेत.

ह्याच्याहून चांगलं म्हणजे पाठवणंच बंद करा. सर्व्हरवर किंवा जो कॉम्प्युटर कायम चालू असतो त्याच्यावर एक शेअर्ड फोल्डर करा, ॲड-इन तिथे एकच ठेवा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्टेड लोकेशन्समध्ये तो फोल्डर घाला. खाली नेटवर्कवरच्या जागांना परवानगी द्यायची वेगळी टिक आहे, ती केल्याशिवाय तो फोल्डर तिथे घेत नाही. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲपवरची जुनी कॉपी आहे त्यांच्या यादीतली तिची टिक आधी काढा, मग ॲड-इन्सच्या यादीत ब्राउझ करून सर्व्हरवरची फाइल निवडा. निवडताना एक्सेल विचारतं की ही तुमच्या ॲड-इन्स फोल्डरमध्ये कॉपी करू का, तिथे नाही म्हणायचं. हो म्हटलं की परत प्रत्येकाकडे वेगळी कॉपी झाली आणि आपण होतो तिथेच आलो.

नेम एररचं कारणही हेच. भाच्याच्या मशीनवर ॲड-इन एका फोल्डरमध्ये, तुमच्याकडे दुसऱ्या, आणि फॉर्म्युला फाइलबरोबर सेव्ह होताना ॲड-इनचा रस्ता लक्षात ठेवतो. सगळ्यांचा रस्ता एकच झाला की एरर जाते. ड्राइव्हचं अक्षरसुद्धा सगळ्यांकडे एकच ठेवा, एकाकडे झेड दुसऱ्याकडे वाय असं नको. ज्या फायली आधीच बिघडल्यात त्यांच्यात डेटा टॅब, एडिट लिंक्स (नव्या एक्सेलमध्ये वर्कबुक लिंक्स), चेंज सोर्स करून सर्व्हरवरची ॲड-इन दाखवा.

भाच्याला एवढंच सांगा की शेअर्ड फोल्डरमधल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड ओन्ली लावून ठेव. तसं केलं की लोक ती वापरत असतानासुद्धा तो वरून नवी फाइल टाकू शकतो, आणि ज्याचं एक्सेल परत उघडेल त्याला नवी मिळते. नाहीतर 'सगळ्यांनी एक्सेल बंद करा हो' असं ओरडत फिरावं लागेल, दिवाळीच्या गर्दीत ते जमायचं नाही.

प्रश्न : नमस्कार. आम्ही पावत्या मराठीत देतो, रक्कम अक्षरी लिहायचा मॅक्रो करतोय. व्हीबीएमध्ये 'एक लाख' लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. विंडोजची भाषा मराठी करून पाहिली तरी तेच. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : हा प्रश्न आला ह्याचा मला फार आनंद झाला, कारण मराठीत पावती देणारे लोक इथे अडतात आणि मग कंटाळून इंग्लिश 'वन लॅख ओन्ली' वर येतात. येऊ नका, उपाय सोपा आहे.

एक्सेलच्या सेलला देवनागरी कळते पण व्हीबीएचा एडिटर युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं चालणारा, नाही. त्याला जी जुनी कोड पेजं (अक्षरांचे ठरावीक संच) चालतात त्यात मराठी नाहीच, म्हणून विंडोजची भाषा बदलून फरक पडत नाही. सीएचआर डब्ल्यू नावाचं फंक्शन आहे, त्याला २३१९ आणि २३२५ हे आकडे दिले की 'ए' आणि 'क' मिळून 'एक' तयार होतो, पण असे सगळे शब्द लिहिणं म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा शब्द कोडमध्ये ठेवूच नका. ॲड-इनच्या त्याच लपलेल्या शीटवर एका कॉलममध्ये ० ते ९९ आणि शेजारी शून्य ते नव्व्याण्णव असे शब्द लिहून ठेवा. इंग्लिशसारखं वीसपर्यंत पाठ आणि पुढे जोडाजोडी असं मराठीत चालत नाही, एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकाचा शब्द स्वतंत्र, त्यामुळे पूर्ण तक्ता लागतोच. लाख, हजार, कोटी, रुपये, पैसे हेही त्याच शीटवर. इथे धिसवर्कबुक अगदी बरोबर बसतं, वर सीए फर्मच्या उत्तरात जे नको म्हटलं तेच इथे हवं, कारण शब्द ॲड-इनच्या स्वतःच्या शीटवरून घ्यायचेत. फक्त त्या शीटचं नाव देवनागरीत असेल तर कोडमध्ये लिहिता येणार नाही, म्हणून एडिटरमध्ये एफ४ दाबून तिचं कोडनेम इंग्लिश अक्षरांत ठेवा आणि ते वापरा.

गणित सोपं आहे, आधी कोटी काढा, उरलेल्यातून लाख, मग हजार, मग शेकडा, मग उरलेले दोन आकडे तक्त्यातून. १,२५,४५० म्हणजे एक लाख पंचवीस हजार चारशे पन्नास. एकच खाच आहे शेकड्याची. नुसते १०० असतील तर 'शंभर', पण १०१ ला 'एकशे एक', म्हणजे शेकडा एक असून पुढचे दोन आकडे शून्य असतील तेवढंच वेगळं बघायचं. पैसे असतील तर रक्कम आधी दोन दशांशांपर्यंत राउंड करा, मग शंभराने गुणून पूर्ण आकडा करा आणि तिथून सुरुवात करा.

मेसेज बॉक्समध्येही मराठी येणार नाही, तिथेही प्रश्नचिन्हंच. संदेश मराठीत दाखवायचा असेल तर छोटा यूझर फॉर्म (व्हीबीएत आपण बनवायची खिडकी) करा आणि त्याच्या लेबलला शीटवरच्या सेलमधला मजकूर द्या, नीट दिसतो. आणि एकदा हे ॲड-इनमध्ये झालं की तुमच्या ओळखीतल्या मंडळांना, पतपेढ्यांना, शाळांना तीच फाइल द्या, सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

प्रश्न : मी कोथरूडच्या एका सोसायटीचा खजिनदार, वय ७१. आमचं सगळं गुगल शीटवर आहे, दर एप्रिलला नवी शीट करतो. मेंटेनन्सवरच्या व्याजाची स्क्रिप्ट मुलाने लिहून दिली होती, तो आता बंगळूरला. नव्या शीटमध्ये ती कशी आणायची?

उत्तर : काका, सगळ्यात सोपं आधी. नवी रिकामी शीट करू नका, जुन्या शीटची फाइल मेनूतून 'मेक अ कॉपी' करा, स्क्रिप्ट तिच्याबरोबर येते, मग आतले आकडे पुसा. वर्षातून एकदाच करायचंय तर एवढं पुरतं. व्याजाचा दर मात्र स्क्रिप्टमध्ये न ठेवता शीटच्या एका सेलमध्ये ठेवायला सांगा, म्हणजे सर्वसाधारण सभेने दर बदलला तर तुम्हीच बदलू शकाल.

अनेक शीट्सना एकच स्क्रिप्ट हवी असेल तर गुगलमध्ये लायब्ररी करता येते. चिरंजीवांना फोनवर हे वाचून दाखवा, त्यांना कळेल : ॲप्स स्क्रिप्टचा वेगळा प्रोजेक्ट करून त्याचं व्हर्जन डिप्लॉय करायचं, प्रोजेक्ट सेटिंग्जमधून स्क्रिप्ट आयडी घ्यायचा, आणि दर वर्षीच्या शीटमध्ये लायब्ररीजपुढच्या अधिकच्या खुणेवर तो टाकायचा. शीट वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रोजेक्टची निदान बघायची परवानगी लागते. आणि लायब्ररीतलं फंक्शन सेलमध्ये थेट लिहिता येत नाही, त्या शीटच्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीचं फंक्शन लिहून त्याने लायब्ररीला बोलवावं लागतं. हिशेब नुसत्या फॉर्म्युल्याने होत असेल तर डेटा मेनूत नेम्ड फंक्शन्स आहेत, ती दुसऱ्या शीटमधून इम्पोर्ट करता येतात, स्क्रिप्टची गरजच नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत लिबर ऑफिस आहे. त्यात हे सगळं होतं का? — एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : होतं. टूल्स, मॅक्रोजमध्ये गेलात की माय मॅक्रोज आणि खाली उघडलेल्या फायलींची नावं दिसतात. माय मॅक्रोजमध्ये ठेवलेला मॅक्रो त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींना मिळतो, फाइलच्या नावाखाली ठेवलेला फक्त त्या फाइलला. बाकीच्या कॉम्प्युटर्सवर न्यायचा असेल तर लायब्ररी एक्स्पोर्ट करून एक्स्टेंशन करता येते. एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो मात्र सगळेच चालतील असं धरू नका, साधे चालतात, बाकी लिबर ऑफिसच्या बेसिकमध्ये परत लिहावे लागतात.

प्रश्न : ताई, मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय. सगळे मॅक्रो माझ्या पर्सनल वर्कबुकमध्ये आहेत, माझ्या जागी येणाऱ्या मुलीला कसे देऊ? तिची स्वतःची पर्सनल फाइल आहे. — एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुझी पर्सनल फाइल तिच्या एक्सएलस्टार्टमध्ये टाकू नकोस, नाव एकच असल्यामुळे तिची पुसली जाईल. त्याऐवजी एडिटरमध्ये प्रत्येक मॉड्यूलवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट फाइल कर, बीएएस एक्स्टेंशनची छोटी टेक्स्ट फाइल तयार होते, तिच्याकडे इम्पोर्ट फाइल. ह्या फायली ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवरही ठेव, नोटपॅडमध्येसुद्धा उघडून वाचता येतात म्हणून बॅकअपला चांगल्या.

खरं तर इतके दिवस वापरात असलेले मॅक्रो ऑफिसचे झालेत, त्यामुळे हातात महिना आहे तर त्यातले कामाचे निवडून ॲड-इन कर, वरती लक्ष्मी रोडच्या प्रश्नात सांगितलं तसं. प्रत्येक मॅक्रोच्या वर कॉमेंटमध्ये दोन ओळी लिही, हा काय करतो, कुठली फाइल उघडी असायला लागते, शेवटचा बदल कधी केला. प्रोजेक्टचं नावही बदल, सगळ्यांचं व्हीबीएप्रोजेक्टच असतं, मग एका प्रोजेक्टमधून दुसऱ्याला रेफरन्स द्यायला गेलं की नावं आपटतात.

तिला एक गोष्ट तोंडी सांग. कधी एक्सेल क्रॅश झालं आणि दुसऱ्या दिवशी मॅक्रो गायब दिसले तर घाबरायचं नाही, फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली मॅनेजमध्ये डिसेबल्ड आयटम्स निवडून गो करायचं, बहुतेक वेळा फाइल तिथे पडलेली असते, एनेबल करून एक्सेल परत उघडलं की येते. आणि तू जायच्या आधी एक दिवस तुझा कॉम्प्युटर बंद ठेवून तिला तिच्या मशीनवर महिनाअखेरचं सगळं काम एकदा करू दे, काही राहिलं असेल तर त्याच दिवशी कळेल.